संक्रांतीपर्यंत दुधाचे रिकामे गॅलन टाकू नका!

मंडळी, चहा आणि विरजणापायी आपल्या घरांत आठवड्याला दोन-दोन गॅलन दूध सहज संपतं. ते रिकामे कॅन रिसायकलिंगमध्ये टाकू नका, विसळून ठेवा. बागकाम गटाला बी पेरायला असे 60 हवे आहेत.

नेपरव्हिलच्या कम्युनिटी गार्डनमध्ये मंडळाला 20 बाय 30 फुटांचा तुकडा मिळालाय. तिथे इथल्याच माळावरची फुलं बियांपासून वाढवायची, मधमाश्या-फुलपाखरांसाठी. इलिनॉय स्वतःला 'प्रेअरी स्टेट' म्हणवतं खरं, पण मूळ प्रेअरी, म्हणजे इथला गवताळ माळ, नांगराखाली गेली. हजारातला एक हिस्साही शिल्लक नाही.

गेल्या वर्षी आम्ही तोंडावर आपटलो. 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'ची पुडी फोकली, तर वर आले युरोपातले कॉर्नफ्लॉवर आणि कॅलिफोर्नियाचे पॉपी. मिल्कवीडचं बी मे महिन्यात पेरलं, त्यातलं एकही उगवलं नाही. त्याला आधी महिना-दीड महिना ओली थंडी लागते, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणून या वेळी पेरणी जानेवारीत, बर्फात. कॅन आडवा कापायचा, मुठीकडे बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. बुडाला भोकं, आत चार इंच ओली माती, वर बी. मग टेपने बंद करून अंगणात ठेवून द्यायचा. कॅनच्या तोंडाचं झाकण मात्र लावायचं नाही, तिथूनच बर्फ आणि पाऊस आत जातो.

मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईचं भावंडच. तोच पांढरा चीक (डोळ्यांना हात लावू नका), आणि शेंग फुटली की उडणाऱ्या त्याच म्हाताऱ्या. तिकडे रुईवर 'टायगर' फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, इकडे मिल्कवीडवर मोनार्कच्या. मोनार्कच्या अळीला दुसरं काही चालतच नाही. गावाकडच्या आठवणीने कुणी लाल-पिवळं 'हळदीकुंकू' आणू नका. तेही मिल्कवीडच, पण उष्ण मुलखातलं, इथलं नव्हे. फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून (इथल्या राखीव रानातून) बी तोडून आणायलाही मनाई आहे.

15 डॉलर दिलेत तर एका पुडीचा आणि थोड्या मातीचा खर्च निघतो. 40 घरांनी दिले की आमचं भागलं. पैसे नकोत तर मातीची पिशवी द्या, नाहीतर संक्रांतीनंतरच्या रविवारी दोन तास या. कापायला मोठी माणसं, बी टाकायला मुलं. यंदा हळदीकुंकवाला वाण प्लास्टिकच्या डब्याचं नको, बियांच्या पुडीचं द्यावं, असं महिला समितीने सुचवलंय. पुड्या बांधायला चार हात लागतील.

एक आधीच सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी बहुतेक झाडं फक्त मुळं धरतील, फुलं फारशी दिसणार नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात जांभळा कोनफ्लॉवर आणि बर्गमॉट दिसू लागतील.

वर्गणीचा डबा तिळगुळाच्या टेबलाशेजारी असेल. येताना कुणाकडे ऑइल पेंटचा मार्कर असला तर जरूर आणा. साध्या मार्करची नावं मार्चपर्यंत धुऊन जातात, आणि मग कुठल्या कॅनमध्ये काय पेरलंय यावर वाद चालतो.