बंद घरांची कुलपे आणि सातबाऱ्यावरची नावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की कोकण रेल्वेच्या आरक्षणाबद्दल आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाबद्दल वृत्तपत्रांतून सविस्तर वाचायला मिळते, आणि ते आवश्यकच आहे. मात्र चाकरमानी परतल्यानंतर वर्षभर त्या गावांत काय चालते, याविषयी फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी यजमानांसह राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीत कायमची राहायला आले. माझे माहेर आणि सासर दोन्ही याच तालुक्यातले असल्यामुळे गाव मला नवा नव्हता. तरीही येथे राहणे आणि येथे येऊन जाणे यांत किती अंतर आहे, ते या वर्षातच उमगले.

सुरुवातीचे काही महिने भेटणारा प्रत्येक जण 'कधी आलात?' असे विचारी आणि त्यामागोमाग 'आता कधी निघणार?' असेही विचारी. त्यात दुरावा नव्हता. मुंबईकर म्हणजे पाहुणा, हे पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठरून गेले होते. आषाढात तरवा (भाताची रोपे) काढायला आणि लावणीला शेजारणींबरोबर चिखलात उभी राहिले, आज एकीच्या मळ्यात तर उद्या दुसरीच्या अशी आळीपाळीने कामे होऊ लागली, तेव्हा तो दुसरा प्रश्न आपोआप बंद झाला. शिमग्याला पालखी दारात आल्यावर ओटी भरताना जो आनंद होतो तो खराच आहे, पण वाडीने मला आपले मानले ते सणामुळे नव्हे, पावसाळ्यामुळे, असे मी पूर्ण विचारांती म्हणते.

२०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मात्र २००१ पेक्षा कमी झालेली आढळली. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. घरातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत असताना ही घरे, गुरे आणि शेती बायकांनीच सांभाळली, आणि आज त्याच बायका सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. भर पावसात आमच्या वाडीतील एका वृद्धाचे निधन झाले, तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसे नसल्याने शेजारच्या वाडीतून बोलवावी लागली. ती आली, तत्परतेने आली, परंतु त्यांच्यातही तरुण मोजकेच होते.

बंद घरांविषयी आपण हळहळतो, पण ती बंद का राहतात याची कारणे आम्हीच आमच्या हाताने सोडवू शकतो. कोणत्याही वाडीतला सातबारा उतारा काढून पाहावा. त्यावर आजोबांची, चुलत आजोबांची, त्यांच्या मुलांची आणि नातवंडांची नावे सामाईक असतात, त्यांतील काही जण हयात नसतात आणि त्यांच्या वारसांची नोंदही झालेली नसते. घराचे कोसळलेले पाखे (छपराची उतरती बाजू) उभे करायचे तरी सर्वांची संमती हवी, आणि ती कोणाकडे मागायची हेच अनेकदा ठाऊक नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ नुसार सर्व सहधारकांचे एकमत असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप करून घेता येते. त्यासाठी कोणता मळा कोणाच्या वहिवाटीचा, बांध कुठला आणि आंब्याचे कलम कोणी लावले, हे सांगणारी माणसे मात्र हयात असायला हवीत, आणि ती दर पावसाळ्यात एकेक करून कमी होत आहेत.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. मुंबईत राहणारे कुटुंब स्वतः शेती करीत नाही आणि गावातल्या गरजू शेतकऱ्याला ती कसायलाही देत नाही, कारण जमीन कुळाच्या नावावर जाईल ही धास्ती. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनींची मालक ठरली, त्या वेळच्या आठवणी आमच्याकडच्या घराघरांत अजून ताज्या आहेत. कुळांना मिळालेला तो न्याय मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्या भीतीपोटी आज उत्तम भाताचे मळे पडीक पडून रान माजले आहे, त्या रानात डुकरे वस्तीला आली आहेत, आणि शेजारी जो कोणी अजून भात लावतो त्याचे उभे पीक रात्रीत लोळवले जाते. म्हणजे एकाने सोडलेल्या शेतीमुळे दुसऱ्यालाही शेती सोडावी लागते.

पाण्याचेही तसेच आहे. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही जांभ्या दगडातून आणि उतारावरून पाणी थेट खाडीला मिळते आणि एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात. पावसाळा सरल्यावर पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, मातीने भरलेल्या गोण्या रचून वनराई बंधारा घातला, तर काही आठवडे तरी दिलासा मिळतो. त्याला लागतात ते फक्त हात, आणि नेमके तेच आमच्याकडे नाहीत.

वाड्यावाड्यांची ग्रामस्थ मंडळे मुंबईत आहेत आणि देवळाच्या जीर्णोद्धारासाठी ती मोठी वर्गणी गोळा करतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्याच मंडळांनी वारसनोंदी, मोजणी आणि वकिलाचा सल्ला यांचा खर्च उचलावा, आणि मे महिन्यात सर्व भाऊबंद गावी असतात तेव्हा वयोवृद्धांना मध्ये बसवून या गोष्टी लिहून घ्याव्यात, असे मला कळकळीने वाटते. आमच्या वाडीत अशी बैठक येत्या मे महिन्यात घेण्याचे ठरले आहे. इतर तालुक्यांत कोणी मालक आणि कसणारा या दोघांनाही निर्धास्त ठेवणारा लेखी करार करून पडीक मळे पुन्हा लागवडीखाली आणले असतील, तर त्यांनी त्याची पद्धत आपल्या पत्राच्या याच सदरातून कळवावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी