एलियनचा चेहरा घरी बनवताय? हे आधी वाचा

संपादक साहेब, नमस्कार.

सिनेमातल्या एलियनचा कॉस्च्युम घरी बनवायचा नाद बऱ्याच पोरांना असतो, मला त्याचं मनापासून कौतुकच आहे, पण चेहरा बनवायला वापरतात ते लिक्विड लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक, त्यात अमोनिया असतो, बंद खोलीत डोळे झोंबतात, आणि ज्यांना फुगे किंवा रबरी हातमोजे सोसत नाहीत त्यांनी तर त्याला हातच लावू नये, अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. बाकीच्यांनीही आधी कोपराच्या आत थेंबभर लावून २४ तास बघावं. माझ्या भाच्याने भुवयांना व्हॅसलिन न लावता थेट लॅटेक्स फासलं, काढताना अर्धी भुवई सोबत आली, पोरगं रडकुंडीला आलं होतं.

खरी मजा साच्यात आहे. मातीत कपाळाचे उंचवटे घडवायचे, त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, मग आत लॅटेक्सचे ५-६ पातळ थर, प्लास्टर पाणी शोषून घेतं म्हणून ते मस्त बसतात. कडा मात्र कागदापेक्षा पातळ हव्यात, आणि सोलताना पावडर मारा नाहीतर लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सगळी मेहनत वाया.

तुमच्या पुरवणीत एखाद्या जाणकार मेकअप आर्टिस्टकडून यावर सविस्तर लिहून घ्या ना, प्लीज.

– एक वाचक