मालिकेतल्या पोट्ट्यामागच्या दादांना, झाडीपट्टीतून

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही घडवलेल्या आपल्या पोट्ट्याला (पोराला) मालिकेतल्या भूमिकेसाठी पुरस्कार मिळाला आणि वडसा रोडवर अभिनंदनाचे फलक लागले. त्यावर सरपंचांपासून थेट वरपर्यंत सगळ्यांचे फोटो, तुमचा तेवढा नाही. तुम्हाला तो नकोच असणार, हे आम्हा नाट्य मंडळाच्या लोकांना ठाऊक आहे. तरी हे पत्र उघड लिहितो, कारण जो तो म्हणतो, "झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखातला आहे, अभिनय रक्तातच." रक्तात होता तो आवाज. आणि कॅमेऱ्यापुढे सगळ्यात आधी तोच आडवा आला.

आपला नट तयार होतो तो मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) हंगामात. धान कापून झालं की दिवाळीनंतर नाटकं लागतात, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. माइक डोक्यावर टांगलेले, समोर बिछायतीवर सारं गाव, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द पोचला पाहिजे. म्हणून वाक्याचं शेपूट वर उचलायचं, टाळीसाठी क्षणभर थांबायचं, तोंड प्रेक्षकांकडे ठेवायचं आणि एक कान साइडला उभं राहून वाक्यं सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरकडे. इथे हे सगळे गुण. मालिकेच्या सेटवर यातला एकेक खोट ठरतो.

तुम्ही सहायक दिग्दर्शक म्हणून त्या सेटवर राबलेले, म्हणून नुसतं "हळू बोल" म्हणून सोडलं नाही. कॉलरच्या आत, हनुवटीपासून वीतभर खाली माइक लावलेला असतो. तालमीत जसा आवाज निघतो त्यावर रेकॉर्डिस्ट पातळी बांधतो. टेकमध्ये नट चढला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर काही केल्या सांधत नाही. पण घाबरून पुटपुटलं तर वाक्यातला जीवच जातो. यावर तुमचा सराव असा: एकच उतारा आधी बांधीपल्याड (धानाच्या शेतापलीकडे) उभ्या माणसाला, मग अंगणापल्याड, मग खाटेवर शेजारी बसलेल्याला सांगायचा. अंतर कमी होईल तसा आवाज उतरवायचा, राग मात्र तेवढाच ठेवायचा. श्वास तिन्ही वेळा पोटातूनच. आता मंडळातली सगळी नवी पोरं हेच करतात.

डोळ्यांचंही तसंच. क्लोजअपमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं पाहिलं की बुबुळं इकडून तिकडे पळतात आणि माणूस खोटारडा दिसतो. कॅमेऱ्याच्या जवळचा एकच डोळा धरायचा. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिथेच थांबावं लागतं, नाहीतर फोकस जातो. आणि खाली बघायची सोय नाही. म्हणून आधी खुणेवर उभं राहून उलट्या पावलांनी मागे जायचं, पावलं मोजायची, टेकमध्ये तेवढीच पुढे टाकायची.

सगळ्यात जास्त रडवते ती कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये हालचाल तंतोतंत तशीच ठेवणं. मास्टर शॉटमध्ये (सगळा प्रसंग लांबून टिपणाऱ्या शॉटमध्ये) "बाबा" या शब्दावर कप उचलला, आणि क्लोजअपमध्ये दोन शब्द उशिरा, तर संकलकाला जोड देता येत नाही. मग चांगला टेक फेकून वाईट घ्यावा लागतो. यावर तुमचा उपाय असा की हाताची कामं कमी ठेवायची, आणि जी ठेवायची ती कागदावर त्या त्या शब्दाखाली पेन्सिलनं खूण करून बांधून टाकायची.

पण झाडीपट्टीतलं सगळंच टाकायला तुम्ही सांगितलं नाही, याचे आभार वेगळे. मालिकेची पानं कधी कधी त्याच सकाळी हातात येतात, प्रसंग पुढचा आधी नि मागचा नंतर. जेमतेम तालमीवर उभं राहायची सवय असलेला आपला नट तिथे बिचकत नाही. फक्त प्रॉम्प्टरवर कान ठेवण्यानं वाक्य अर्धा क्षण मागून येतं. ते मोडायला तुम्ही समोरच्या पात्राची वाक्यं तेवढी वाचलीत आणि पोट्ट्याच्या हातातला कागद काढून घेतलात. ण-न आणि श-स यांचा घोळ शहरी भूमिकेपुरता घासून काढला, बोली मात्र तशीच राहू दिली. मुंबईवाल्यांना वऱ्हाडी काय आणि झाडी काय, सगळं एकच वाटतं, त्याला आपण तरी काय करणार!

२०२३ मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव दिल्लीत वाजलं. तरी ऑडिशनला नाव चालत नाही, क्लिप चालते. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर; उजेडाची खिडकी पाठीमागे नको, समोर हवी; भिंत कोरी, पंखा बंद. समोरची वाक्यं वाचणारा लेन्सला लागून उभा आणि त्याचा आवाज नटापेक्षा खाली. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. फिल्टर नाही, मागे गाणं नाही.

आणि पैशाचं. ऑडिशनसाठी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता गावातले बापही तेच बोलतात. करारात रोजचा दर किती, महिन्याला किमान किती दिवसांची हमी, दुसरीकडे काम करायला मोकळीक आहे का, हे सहीआधी वाचायचं. मानधन बऱ्याचदा ९० दिवसांनी येतं, तेही कर कापून, आणि पॅन दिला नसेल तर कपात जास्त. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचं भाडं आणि खानावळ घरूनच न्यावी लागते. धान विकल्यावरच विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढ, हा सल्ला त्यामुळेच.

पोट्ट्याची सुरुवातीची कामं एकेका दिवसाची होती. हवालदार, पार्सल देणारा, "साहेब, पाहुणे आले" एवढंच म्हणणारा. तिथे स्वतःची कलाकारी घुसवू नको, वेळेवर ये, खुणेवर थांब, एका टेकमध्ये मोकळा हो, असं तुम्ही सांगितलंत. वेळ न खाणारा पोरगा सहायकांच्या लक्षात राहतो. पुढची बोलावणी तशीच आली, आणि ज्या भूमिकेला पुरस्कार मिळाला तीही.

यंदा मंडईला गावी या. मंडळातल्या दोन पोरींच्या क्लिप तयार आहेत, पण एकीच्या मागे खिडकी आली आहे, ती पुन्हा काढून मगच पाठवतो.

तुमचे,
नाट्य मंडळातले सगळे