बाटली बदला, मग डोस वाढवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की उष्माघाताच्या सूचना छापून येतात. डोक्याला उपरणे बांधा, भर दुपारी शेतात जाऊ नका, पन्हे प्या. (त्या पन्ह्यात गूळ किती, हे मधुमेह्याने आधी विचारावे.) पण ज्या घरात इन्सुलिनची बाटली आहे, तिथे ती 42 अंशांच्या उन्हाळ्यात ठेवायची कुठे, याबद्दल त्यात अवाक्षर नसते.

न फोडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. वापरातली बाहेर चालते, पण 25 ते 30 अंशांपर्यंत आणि बहुतेक प्रकारांत 28 दिवस. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत एवढा गारवा रात्रीसुद्धा नसतो. उष्णतेने इन्सुलिनचा जोर हळूहळू ओसरतो आणि बाटलीकडे पाहून तो कळेलच असे नाही. घोटाळा इथे होतो. मे महिन्यात साखर चढते म्हणून डोस वाढवला जातो. मृगात नवी बाटली येते ती पूर्ण ताकदीची, डोस मात्र मे महिन्यातलाच. मग पहाटे दरदरून घाम, हातापायांना कापरे. साखर 70 च्या खाली गेली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. डोसचा हा घोटाळा टाळण्यासाठी, खाण्यात, कामात काही बदल नसताना साखर चढीच राहिली, तर बाटली कधी फोडली आणि कुठे ठेवली होती, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

फ्रीज नसेल किंवा वीज तासन् तास जात असेल, तर माठ उत्तम. एक मोठा माठ, त्यात बसेल असे छोटे मडके, दोन्ही बिनरंगाची, न झिलईची. मोठ्याच्या तळाशी तीन-चार बोटे वाळू घालून त्यावर मडके ठेवायचे, मधली फट वाळूने भरायची आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून मडक्यात, वर ओले गोणपाट. माठ सावलीत पण वाऱ्यावर हवा. कपाटात कोंडला तर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा या कामाला सोयीचा, पावसाळी दमट हवेत मात्र माठ फारसा उपयोगी नाही. आणखी एक अडचण आपल्या बोअरच्या पाण्याची. त्यातले क्षार बसून माठाची छिद्रे बुजतात. माठ बाहेरून ओलसर दिसेनासा झाला की तो बदलावा. मडक्यात साधे तापमापक ठेवले तर अंदाजावर राहावे लागत नाही. माठात 2 ते 8 अंश मिळत नाहीत, त्यामुळे तो वापरातल्या बाटलीसाठी. साठा करू नये, एकेकच बाटली आणावी.

फ्रीज असला तरी बाटली बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याच्या लगतच्या ट्रेमध्ये नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकूनच द्यावे. प्रवासात बाटली थेट बर्फावर ठेवण्यातही हाच धोका आहे. मोटारसायकलच्या डिकीत तर ती ठेवूच नये. पाण्यासारख्या इन्सुलिनला गढूळपणा आला, किंवा दुधाळ इन्सुलिन तळहातांत हलके घोळवूनही गुठळ्या राहिल्या, काचेला पांढरा थर चिकटला, तर ती बाटली गेली.

28 दिवसांचा हिशेब लोकांच्या जिवावर येतो, तेही खरे. मिलीला 40 युनिटच्या 10 मिली बाटलीत 400 युनिट असतात. रोज 10 युनिट घेणाऱ्याचे 28 दिवसांत 280 संपतात, 120 उरतात. ते पैसे डोळ्यांसमोर येतात आणि बाटली 40 दिवस चालते. फोडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहावी आणि सोबतच्या पत्रकात वेगळी मुदत असेल तर ती धरावी.

सिरिंजची गफलत तर उन्हाळ्याची वाट पाहत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या मिलीला 40 युनिटच्या, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची 100 युनिटसाठी. 40 च्या बाटलीला नारिंगी वापरली तर 20 च्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात 8 च युनिट जातात. उलट केले तर अडीचपट.

ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बाटली हातात देताना एवढे मराठीत छापलेले अर्धे पान द्यायला फार खर्च नाही. आपल्या दैनिकाने मार्चच्या पहिल्या आठवड्यातच माठाची कृती चित्रासह छापावी. मे महिन्यात छापून उपयोग नाही, तोवर बाटली तापलेली असते.

आपला,
एक औषधनिर्माता, परभणी