तक्त्यावर सगळ्यांचा श्वास वीसच

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

सादर नमस्कार.

मी निवृत्त वॉर्ड सिस्टर. सेवेतली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली, आणि त्या काळात नर्सिंगच्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून शिकून गेल्या. त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल आपल्याला लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पावसाळ्यातली एक रात्र मी विसरलेली नाही. पेडण्याकडचे एक आजोबा न्युमोनियाने दाखल होते. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर ड्युटीला होती. तिने भरलेला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, मी पाहिला. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, पण श्वासाच्या रकान्यात सगळ्या वॉर्डाला वीस. आजोबांचाही वीस. मी त्यांच्याजवळ उभी राहून मिनिटभर मोजला, तर छत्तीस भरला. डॉक्टरांना उठवलं, ऑक्सिजन लावला, पहाटेपर्यंत त्यांना आयसीयूत हलवलं. आजोबा वाचले. त्या मुलीला मी विचारलं तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, “सिस्टर, मोजायचा कसा ते मला येतं. पण मी मोजते की नाही हे आजवर कुणी बघितलंच नाही.” महिनाभरापूर्वीच्या प्रात्यक्षिकात तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

मुलगी आळशी नव्हती. श्वास मोजायला यंत्र लागत नाही, पूर्ण एक मिनिट लागतं. रुग्णाला कळलं तर त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडी पाहून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असावा. रुग्ण बिघडायला लागला की बऱ्याचदा रक्तदाब उतरायच्या आधी श्वास वाढतो. बोटाला लावायच्या यंत्रावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, चांगलं दिसत असतानाही तो वाढलेला असू शकतो, विशेषतः ऑक्सिजन चालू असेल तर. इतकी मोलाची खूण आपल्या वॉर्डांत अंदाजाने लिहिली जाते, कारण ती तपासणारी परीक्षाच नाही.

परीक्षेचा नियम असा आहे: एक अंतर्गत परीक्षक, एक बाहेरचा, दोघांनी मिळून परीक्षा घ्यायची, आणि एका दिवसात वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पण सहा तासांत वीस जणी म्हणजे एकीच्या वाट्याला अठरा मिनिटं. त्यात रुग्णाची ओळख, साहित्याचा ट्रे, प्रोसिजर, केअर प्लॅन आणि शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. अठरा मिनिटांतलं एक मिनिट कोण कुणाच्या छातीकडे बघत घालवेल? म्हणून ट्रे नीट लावला का ते पाहिलं जातं, व्याख्या विचारल्या जातात. पाठांतर चांगलं असलेली मुलगी तरून जाते. हाताने चांगली पण बोलायला बुजणारी मागे पडते, आणि अशा मुली मी वॉर्डात सोन्यासारखं काम करताना पाहिल्या आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगला ओस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, आली. ही पद्धत स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली मांडली. वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी ठरलेलं काम, ठरलेली वेळ, ठरलेली यादी. सगळ्यांना सारखाच प्रश्न आणि सारखंच माप, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीला वाव कमी. मला ती मनापासून पटते. पण दहा स्टेशनं पाच-पाच मिनिटांची, मध्ये एक मिनिट बदलायला, असं धरलं तर दहा जणींच्या एका फेरीला तास लागतो आणि वीस जणींना दोन तास. आणि जिथे हाताचं काम बघायचं तिथे प्रत्येक स्टेशनवर बघणारं माणूस हवं. परीक्षक तर दोनच. मग स्टेशनांवर काय उरतं? उपकरण ओळखा, डोस काढा, कागदावर उत्तर लिहा. नाव ओस्कीचं राहतं आणि पेपर लेखीच होतो.

दुसरी गोष्ट बेरजेची. इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाचं नाव विचारलं नाही, ॲलर्जी विचारली नाही, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घातलं, तरी बाकीचे गुण मिळवून मुलगी पास होऊ शकते. हे थांबायला हवं. अशा चार-पाच पायऱ्या चुकल्या तर बाकी काहीही असो, त्या मुलीने ते काम पुन्हा शिकून पुन्हा करून दाखवायचं. नापासाचा शिक्का नको, पण ते जमल्याशिवाय पुढे जाणं नको.

आता लॉगबुकाविषयी, म्हणजे केलेल्या कामांवर सह्या घ्यायच्या वहीविषयी लिहिते, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी मुली वह्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. सिस्टर, कॅथेटर, सिस्टर, सक्शन, सिस्टर, ड्रेसिंग. वॉर्डात चाळीस रुग्ण, ड्युटीवर दोन नर्सेस. मीही अशा सह्या केल्या आहेत, न बघता. आज त्यांतली एकही सही मला छाती ठोकून माझी म्हणता येणार नाही. पण खरं सांगायचं तर त्या मुलीला कोण ओळखतं? आठवडेच्या आठवडे तिला रुग्णाजवळ बघते ती वॉर्डातली नर्स. आणि गुण देताना तिचं मत कुणी विचारत नाही.

अभ्यासक्रम दिल्लीचा, परीक्षा विद्यापीठाची, हे मला ठाऊक आहे. पण वॉर्ड आपले आहेत. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं इस्पितळ, ही सगळी आपल्या खात्याची. माझी मागणी एवढीच, की मुलं शिकायला येतात त्या प्रत्येक वॉर्डात एका अनुभवी नर्सला मूल्यमापनाचं रीतसर प्रशिक्षण द्यावं आणि त्यासाठी तिला ड्युटीच्या वेळेतच, हातातले रुग्ण दुसरीकडे सोपवून, रोज अर्धा तास मोकळा द्यावा. हा अर्धा तास कागदावर असून चालणार नाही, तो ड्युटी रोस्टरवर दिसला पाहिजे. त्यासाठी रिकाम्या जागा भराव्या लागतील, हेही मी जाणून आहे. प्रत्येक मुलीला एका पोस्टिंगमध्ये तीनदा तरी, तीन वेगळ्या रुग्णांजवळ बघावं आणि काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगावं. त्या नोंदी कॉलेजकडे जाव्यात आणि अंतर्गत गुणांत धराव्यात, असं आपण विद्यापीठाला सुचवावं.

आणि भाषा. व्हायवा इंग्रजीत होतो, पण सत्तरी तालुक्यातली म्हातारी कोकणीत सांगते, “बाय, म्हाका घुंवळ येता.” तिला चक्कर येते आहे हे ज्या मुलीला समजलं नाही, ती बेडची कठडी वर करणार नाही आणि म्हातारी पडेल. रुग्णाशी कोकणीत किंवा मराठीत नीट बोलता येतं का, हे यादीत असलंच पाहिजे. सध्या ते कुठल्याच रकान्यात नाही.

प्रशिक्षण कोण देणार असा प्रश्न येईल. माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर गोव्यात गावोगावी आहेत. आम्हाला बोलवा. मी आठवड्यातले दोन दिवस यायला तयार आहे, मानधन नसलं तरी चालेल. डिचोलीहून म्हापशाला सकाळी कदंबा बस मिळते. सकाळच्या हँडओव्हरला मी वॉर्डात हजर असेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर,
डिचोली