चोरबीटीचा निकाल एकदाचा लावा: कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी काटोल तालुक्यातली कापूस उत्पादक शेतकरी. सात एकर कोरडवाहू, काळी जमीन. लेकरांच्या शिक्षणासाठी नागपुरात बिऱ्हाड केलं आहे, पण जूनपासून जानेवारीपर्यंत माझा जीव वावरातच असतो. जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांवर बंदी हवी की परवानगी, यावर नागपुरात मी दोन्ही बाजूंची भाषणं ऐकली आहेत. माझ्या धुऱ्यावर जे चाललं आहे ते दोन्ही भाषणांत सापडत नाही, म्हणून हे पत्र.

मृगाचा पाऊस झाला की आमच्याकडे दोन तऱ्हेची सरकी विकली जाते. एक कृषी केंद्रातली, बिल मिळणारी. बीजी-२, म्हणजे बोंडअळी मारणारी दोन जनुकं घातलेल्या बीटी कापसाचं ४७५ ग्रॅमचं पाकीट, ज्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवून देतं. दुसरी चोरबीटी. ती दुकानाच्या फळीवर दिसत नाही. ओळखीचा माणूस दिवेलागणीला घरी आणून देतो, पैसे रोख, पावती नाही. तणनाशक मारलं तरी न मरणारा हा एचटीबीटी कापूस देशात मंजूर नाही, तरी दरवर्षी तो पेरला जातो. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी हे बियाणं सर्वांसमक्ष टोबलं, गुन्हे दाखल झाले. त्यानंतरही प्रश्न तिथेच आहे.

लोक ही सरकी का घेतात, ते आधी ऐका. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस वावरात डवरा चालत नाही, पाय टाकला तर पोटरीपर्यंत रुततो. तेवढ्यात तण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, डोक्यावर जातं. उघाड पडली की अख्ख्या गावाला एकाच आठवड्यात निंदायला बाया लागतात, आणि बाया तेवढ्याच. मी स्वतः तासात बसून निंदते. चौथ्या दिवशी उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. अशा वेळी कोणी म्हणालं की एका फवारणीत काम होईल, तर माणूस बंदीचा कागद बघत बसत नाही. पण त्याच निंदणाच्या मजुरीवर माझ्या गावातल्या कितीतरी घरांचा पावसाळा निघतो. ती मजुरी गेली तर त्या बायांनी काय करायचं, हे मला कोणत्याच बाजूने सांगितलेलं नाही.

आता तणनाशकाचं. एचटीबीटीवर मारतात त्या ग्लायफोसेटचा वापर २०२२ मध्ये केंद्राने परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. म्हणजे आमच्याकडे बियाणंही लपून आणि औषधही लपून. पंपात किती टाकायचं, वारा असताना का मारायचं नाही, हे विचारायला शेतकरी कृषी सहायकाकडे जाऊ शकत नाही, कारण विचारणं म्हणजेच कबुली देणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती मरणं मी एचटीबीटीच्या माथी मारत नाही. पण फवारणीत माहितीची किंमत काय असते, ते विदर्भाने तेव्हा पाहिलं आहे.

त्याच हंगामात माझ्या वावरात गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. विळ्याने चिरलं की आत रुई काळवंडलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मधे गुलाबी अळी. ती अगदी लहान असतानाच आत शिरते आणि छिद्र बुजून जातं, म्हणून वरून काहीच कळत नाही. वेचायला गेलो तर हातात कवडी, म्हणजे किडका कापूस, आली. बोंडअळीवरचा इलाज म्हणून २००२ मध्ये बीटी आलं होतं, २००६ मध्ये त्यात दुसरं जनुक जोडलं. तरी गुलाबी अळी दोन्हींना पचवून बसली.

यात आमचीही चूक आहे, ती मी मान्य करते. त्या वेळी बीटीसोबत साध्या कापसाचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं. ते वावराच्या कडेने लावायचं होतं. त्या झाडांवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचा संकर चिवट अळ्यांशी व्हावा आणि बीटी पचवणारी पिढी लवकर तयार होऊ नये, हा त्यामागचा हेतू. आम्ही बहुतेकांनी ते लावलंच नाही. जागा वाया जाते असं वाटलं. हे कारण मला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर, एका शास्त्रज्ञांकडून. आधी कळलं असतं तर मी त्या ओळी नक्की लावल्या असत्या. मंजूर बियाण्याची ही गत, तर चोरून आलेल्या पाकिटात काय आहे आणि ते किती एकरांवर गेलं आहे, हे सरकारला तरी कुठून कळणार?

म्हणून बंदी राहो किंवा उठो, आजच्यासारखं झाकून ठेवू नका. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, वर्धा रोडला पांजरीजवळ. २००९ मध्ये या संस्थेच्या सहभागाने बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण आलं होतं. त्याचं बी घरी राखता आलं असतं. पुढे त्यात खासगी कंपनीचं जनुक आढळलं आणि ते मागे घ्यावं लागलं. तो अनुभव कडू आहे, तरीही मला चाचणी सार्वजनिक संस्थेनेच केलेली हवी. शेतावरच्या चाचण्यांना राज्याची ना-हरकत लागते, ती आपल्या हातात आहे. अटी घालून द्या: चाचणीची जागा जाहीर असावी, उत्पादनासोबत मजुरी, माती आणि तणांचीही मोजदाद व्हावी, आणि निकाल वाईट आला तरी मराठीत छापावा.

सोबत गावांचंही ऐका. आमच्या भागात सेंद्रिय कापूस करणारे शेतकरी आहेत. शेजारच्या वावरात काय पेरलं आहे हे ठाऊक नसेल तर मधमाशांनी कोणता पराग आणला हे त्यांना कसं कळावं? त्यांचं प्रमाणपत्र पणाला लागतं. एखाद्या ग्रामसभेने आमच्या शिवारात जीएम नको असा ठराव केला तर त्या कागदाला वजन असावं. आणि ठराव करणाऱ्या गावाला अकोल्याच्या विद्यापीठाच्या सरळ आणि देशी वाणांचं बी वेळेवर मिळावं, नाहीतर तो ठराव जूनमध्येच मोडेल.

बीटी वांग्याच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावणी घेतली होती, त्यात नागपूर होतं. ९ फेब्रुवारीला त्यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय कोणाला पटला, कोणाला नाही; पण बोलायला जागा मिळाली होती. जीएम मोहरीला दिलेल्या परवानगीच्या खटल्यात, जुलै २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. तरी केंद्राने शेतकरी, राज्यं आणि तज्ज्ञ यांच्याशी बोलून राष्ट्रीय धोरण ठरवावं, यावर दोघांचं एकमत होतं. त्या धोरणात विदर्भाचं म्हणणं जायचं असेल तर कापसाची सुनावणी नागपुरात घ्या. निंदणाऱ्या बायांना त्यात वेगळा वेळ द्या, त्यांची त्या दिवसाची मजुरी सरकारने भरावी.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरमध्ये नागपुरात असाल. काटोल तिथून दीड तासाच्या वाटेवर आहे. तेव्हा पऱ्हाटीवर फुटलेली आणि न फुटलेली, दोन्ही बोंडं असतात. विळा मी आणते, चिरून आपण सोबत बघू.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी
तालुका काटोल, जिल्हा नागपूर