कॅमेरा बसवणे हाच गुन्हा ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलींच्या वसतिगृहातील छुप्या कॅमेऱ्याची कालची बातमी आणि तिच्याखालची ‘अशी घ्या काळजी’ ही चौकट वाचली. आरशामागे कॅमेरा आहे का, हे आरशाला नख टेकवून पाहण्याचा सल्ला कृपया आता तरी छापू नका. नख आणि प्रतिबिंब यांत फट दिसते की नाही, यावरून आरशाचा मुलामा काचेच्या पुढे आहे की मागे, एवढेच कळते; मागे कॅमेरा आहे की नाही, हे नाही. शिवाय कॅमेरा लपतो तो चार्जरमध्ये, घड्याळात, एक्झॉस्टच्या जाळीत. खोलीत अंधार करून टॉर्च डोळ्यालगत धरा आणि एकेक वस्तू सावकाश न्याहाळा. एक-दोन मिलिमीटरच्या भोकामागचे भिंगही चमकते. वाय-फाय तपासणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. नुसत्या मेमरी कार्डावर चित्रण करणारा कॅमेरा नेटवर्कवर येतच नाही.

सापडल्यावर काय करायचे, हे चौकटीत नाहीच, आणि खटला ढिला पडतो तो तिथेच. आजूबाजूची जागा दिसेल असा फोटो आधी काढा, मग रुमालाने धरून त्याची वीज तोडा. चालू राहिला तर कार्ड भरल्यावर नवे चित्रण जुन्यावर चढते. वाय-फायवरचा असेल तर लावणारा दुरूनही पुसू शकतो. कार्ड काढून लॅपटॉपला लावू नका, नुसते उघडून पाहतानाही त्यातल्या नोंदी बदलू शकतात. पोलिसांकडून पंचनाम्यातच ते सीलबंद करून घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे आतला मजकूर जराही बदलला की बदलणारा त्याचा अंकी ठसा, द्यावा लागतो. मूळ कार्डाला आधीच हात लागला असेल तर बचाव पक्ष नेमके तिथे बोट ठेवतो.

आता कायदा. स्त्रीला खासगी क्षणी चोरून पाहण्या-टिपण्याविरुद्ध 2013 साली भारतीय दंड संहितेत आलेले कलम 354-सी आज भारतीय न्याय संहितेचे कलम 77 आहे. पहिल्या दोषसिद्धीला 1 ते 3 वर्षे शिक्षा आणि गुन्हा जामीनपात्र. दुसऱ्या दोषसिद्धीला 3 ते 7 वर्षे, आणि तेव्हा कुठे तो अजामीनपात्र. खटले वर्षानुवर्षे रखडत असताना दुसरी दोषसिद्धी कधी व्हायची? घटनास्थळी न्यायवैद्यक पथक नेण्याची सक्ती 7 वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे. म्हणजे ज्या गुन्ह्याचा सगळा पुरावा एका नखाएवढ्या कार्डात असतो, तिथे पहिल्या खेपेला पथक आलेच पाहिजे असे नाही!

त्याहून मोठी फट अशी की कलम 77 पाहणे, टिपणे आणि पसरवणे यांना शिक्षा देते; नुसता कॅमेरा बसवण्याला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-ई हेही टिपणे, प्रसिद्ध करणे, पाठवणे एवढ्यापुरतेच. कार्ड कोरे निघाले तर उरतो प्रयत्नाचा गुन्हा, त्याची शिक्षा जास्तीत जास्त निम्मी. न्हाणीघरात, कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा बसवणे हाच स्वतंत्र, पहिल्याच वेळी अजामीनपात्र गुन्हा करा. कार्डात काय सापडले यावर तो अवलंबून नको.

जाता जाता, बातमीत वसतिगृहाचे नाव, मजला आणि तक्रारदार मुलीचे शिक्षणाचे वर्ष छापायची काय गरज होती? पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे न्याय संहितेचे कलम 72 बलात्काराच्या कलमांपुरते आहे, 77 चा त्यात समावेश नाही, म्हणून कायद्याने तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण त्या मजल्यावर किती मुली राहत असतील? कृपया ऑनलाइन आवृत्तीतून तरी तो मजकूर आजच काढा.

आपली,
एक वकील वाचक, कोल्हापूर